शालिकने पैसे मोजले नाहीत

एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या रविवारी आमच्याकडे कूलरवाले काका येतात, गेली अकरा वर्षं तेच येतात. हिवाळाभर बाल्कनीत पोत्याखाली झाकून ठेवलेला लोखंडी कूलर ते उघडतात, मागच्या वर्षीच्या वाळ्याच्या ताट्या काढतात, त्या एव्हाना काळ्या पडून आणि क्षाराने कडक होऊन पार मोडायला आलेल्या असतात, मग टाकी खरवडतात, आतून डांबर मारतात, पंपात अडकलेला गाळ काढतात आणि नव्या ताट्या तारेने आवळून पहिलं पाणी सोडतात. या वर्षीपण तसंच चाललं होतं. मी बाल्कनीच्या दारात चहा घेऊन उभी होते, ते पाठमोरे उकिडवे बसून तार पिळत होते, आणि मागे न बघता, हात न थांबवता म्हणाले, "ताई, तुमची कथा वाचून दाखवली पोरीनं. दिवाळी अंकातली." माझ्या पोटात एकदम गोळा आला. कारण ती कथा कूलर दुरुस्त करणाऱ्या एका माणसाची होती आणि हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. त्यांची मुलगी बीकॉमला आहे, तिला कॉलेजच्या लायब्ररीत तो अंक दिसला म्हणे, माझं नाव ओळखीचं वाटलं म्हणून तिने घरी आणला. मी विचारलं, कशी वाटली? तर म्हणाले, "बाकी सगळं बराबर हाय जी. डांबराचं लिवलं ते बराबर, पंपाचं बराबर. पण तो माणूस पैसे मोजत नाही ना."

मी म्हटलं, म्हणजे?

"बाईनं पैसे देल्ले अन् त्यानं न मोजता खिशात टाकले, असं हाय ना त्याच्यात. मी असतो तं मोजले असते."

एवढंच बोलले, मग पाण्याचा पाइप मागितला. रागावलेले नव्हते, दुखावलेलेही नव्हते. चुकीच्या मापाचा स्क्रू आला की जसं सांगतात ना, हा नाही बसत, त्या आवाजात सांगितलं त्यांनी. मी पाइप आणून दिला, काम झालं, त्या दिवशी पैसे फोनवरून मुलीच्या खात्यात टाकले, ते "येतो ताई" म्हणून गेले. आणि ते वाक्य जे माझ्या मागे लागलं ते अजून सुटलेलं नाही.

कथेतल्या माणसाचं नाव मी शालिक ठेवलं होतं. पन्नाशीचा, नागपुरात नंदनवनकडे राहणारा, उन्हाळ्याचे तीन महिने कूलर आणि बाकी वर्ष मिळेल ते काम. कथेच्या शेवटी धरमपेठेतल्या एका बंगल्यातली बाई त्याच्यावर जरा संशय घेते, मग तिला आपली चूक कळते आणि ती घाईघाईने त्याच्या हातात घडी केलेल्या नोटा ठेवते. शालिक त्या न मोजता खिशात टाकतो आणि सायकल काढून भर उन्हात निघून जातो. मला हा शेवट फार आवडला होता, खरं सांगते, पूर्ण कथेत मला सगळ्यात जास्त अभिमान या एका कृतीचा होता. त्या न मोजण्यात त्याचा सगळा स्वाभिमान आला असं मला वाटलं होतं, आणि एकट्या मलाच नाही, मला शाळेत मराठी शिकवायच्या त्या बाईंनी मुद्दाम फोन करून तेवढ्याच एका ओळीचं कौतुक केलं होतं. आता विचार करते तेव्हा लक्षात येतं, जिला ती ओळ आवडली आणि जिने ती लिहिली त्या दोघीही महिन्याच्या एक तारखेला पगार खात्यात जमा होणाऱ्या घरातल्या.

तयारी मी कमी केली नव्हती. जवळपास आठ महिने वही घेऊन फिरले होते. बर्डीवर, कॉटन मार्केटच्या बाजूला, जिथे जिथे उन्हाळ्याआधी ताट्या बांधणारे लोक बसतात तिथे जाऊन उभी राहिले. वाळा आणि वूडवूल यात काय फरक, वाळा महाग पण वासाचा आणि वूडवूल स्वस्त पण लवकर बसतं, पंखा हळू फिरायला लागला की आधी कंडेन्सर बघायचा, टाकीला भोक पडलं तर डांबर का, सगळं लिहून घेतलं. तारेने बोटांना पडलेल्या चिरा बघितल्या. वाळ्याची बारीक कुसं मनगटात घुसून आठवडाभर खाजत राहतात हे एका पोराने सांगितलं, तेही कथेत घातलं. आणि हे सगळं बरोबर निघालं, काकांनी पास केलं. चूक निघाली ती अशा जागी जिच्याबद्दल मी कोणाला काही विचारलंच नव्हतं, कारण तिथे विचारण्यासारखं काही आहे असंच मला वाटलं नव्हतं. पैसे हातात आले की माणूस काय करतो, यात काय विचारायचं? ते मला माहीतच होतं की. म्हणजे माझ्या घरचं माहीत होतं.

मला वाटतं पात्रात आपण असेच शिरतो. ठरवून जे घालतो ते वेगळंच असतं, त्यावर आपला पहारा असतो. जे आपल्याला आपलं म्हणून दिसतच नाही, अख्ख्या जगाचंच असं असतं असं वाटतं, ते मात्र न विचारता दुसऱ्याच्या अंगात जाऊन बसतं.

आमच्या महाल भागातल्या घरात समोरच्याच्या देखत पैसे मोजणं हे वाईट मानलं जायचं. हे कोणी शिकवलं नाही, नुसतं होतं. दूधवाल्याला, मोलकरणीला, रद्दीवाल्याला पैसे देताना आई ते घडी करून द्यायची आणि देऊन झालं की लगेच दुसरीकडे बघायची, काहीतरी काम काढायची. घ्यायचे असले तरी तसंच. बाबा सरकारी नोकरीत कारकून होते, पगार बेताचा, पण दुकानातून परत आलेली चिल्लर ते मुठीत घेऊन थेट खिशात टाकायचे. एकदा माझ्या आत्तेभावाने आजोबांनी दिलेले दिवाळीचे पैसे तिथेच मोजले तर आईने मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं होतं, तू असं कधी करायचं नाही. तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. हे इतकं खोल गेलंय की आजही एटीएममधून पैसे निघाले की मी ते मोजत नाही, मागे रांगेत कोणी नसलं तरी नाही.

आणि याहून मोठी गोष्ट मला त्या रविवारनंतर दोन-तीन दिवसांनी, भाजी निवडताना एकदम लक्षात आली. फोनवरून पैसे द्यायची सवय आत्ता आत्ताची, त्याआधी कितीतरी वर्षं मी काकांना रोख दिले आहेत. दर एप्रिलला, कधी मे-जूनमध्येही. माझ्या हातून त्यांच्या हातात. आणि ते मोजतात की नाही हे मला आठवत नाही, कारण मी कधी बघितलंच नाही. देऊन झालं की मी तोंड फिरवते, आईसारखी. वही घेऊन आठ महिने शहर फिरले, आणि जे माझ्या स्वतःच्या बाल्कनीत माझ्यासमोर दर वर्षी होत होतं ते बघायला माझी मानच वळली नाही. याचं मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. नम्रता म्हणून जे जपलं ते खरं तर न बघण्याची सोय होती का, असं मनात येतं, आणि मग आईचा चेहरा डोळ्यासमोर येतो आणि तिच्याबद्दल असा विचार करवत नाही.

'मादाम बोव्हारी' लिहिणाऱ्या फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेरबद्दल एक वाक्य साहित्याच्या प्रत्येक गप्पांमध्ये कोणीतरी टाकतंच, की तो म्हणाला होता, मादाम बोव्हारी म्हणजे मीच. मीही कॉलेजात हे मोठ्या तोऱ्यात सांगायचे. नंतर कळलं की हे वाक्य त्याने स्वतः लिहिलेलं कुठेच नाही, ऐकीव आहे, त्याच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी छापलं गेलं. उलट कादंबरी पुस्तक म्हणून आली त्याच वर्षी, १८५७ मध्ये, एका वाचक बाईला लिहिलेल्या पत्रात तो अगदी स्पष्ट सांगतो की ही सगळी रचलेली गोष्ट आहे, यात माझ्या भावना किंवा माझं आयुष्य काहीएक नाही. आता कोणाला वाटेल की चला, विषय संपला. पण १८६६ मध्ये त्याने आणखी एका पत्रात लिहून ठेवलंय की नायिकेच्या, एमा बोव्हारीच्या, विष घेण्याचा प्रसंग लिहिताना त्याच्या स्वतःच्या तोंडात आर्सेनिकची चव इतकी भरून आली की लागोपाठ दोनदा त्याचं पोट बिघडलं, रात्रीचं सगळं जेवण उलटून पडलं. मला ही दोन पत्रं शेजारी शेजारी ठेवून बघायला फार आवडतं. दोन्ही खरी वाटतात. आयुष्य त्याने दिलं नाही, नॉर्मंडीतल्या त्या डॉक्टरच्या बायकोला त्याच्या घरच्या सवयी दिल्या नाहीत, त्याची मतं दिली नाहीत. जीभ दिली. पोट दिलं.

मी शालिकला काय दिलं होतं? आमच्या घरची रीतभात.

यावरून माझी एक जुनी फसलेली कथा आठवते. तिच्यातली बाई माझ्याच वयाची, माझ्यासारखीच नोकरी करणारी, त्रिमूर्तीनगरात राहणारी, नवऱ्याची बदली झालेली, म्हणजे जवळजवळ मीच. वाटलं होतं ही तर सगळ्यात सोपी जाईल, शोधायचं काहीच नाही. लिहून झाल्यावर मैत्रिणीला वाचायला दिली, ती परखड आहे, तिने दोन दिवसांनी फुटाळ्यावर बसल्या बसल्या सांगितलं, "छान आहे गं, पण हिला काही लागतच नाही. सगळे हिच्याशी चुकीचं वागतात आणि ही समजून घेते." तेव्हा मला राग आला होता. तलावावरून गार वारं येत होतं, कणीस भाजल्याचा वास, आणि मी रागाने गप्प बसलेली. पण तिचं खरं होतं. स्वतःला कागदावर ठेवताना मी तिचे केस विंचरले होते, पदर नीट केला होता, पाहुण्यांसमोर बसवतात तसं बसवलं होतं. नवऱ्याची बदली झाली तेव्हा पहिल्या रात्री मला जो सुटल्यासारखा आनंद झाला होता, तो मी तिला दिलाच नव्हता. तो नंतर एका वेगळ्याच कथेत एका म्हाताऱ्या पोस्टमनला दिला, निवृत्तीच्या दिवशी, आणि तो पोस्टमन लोकांना खरा वाटला.

स्वतःवर लिहिणारे सगळेच असं करत नाहीत. नेमाड्यांचं गाव सांगवी आणि 'कोसला'तला नायक पांडुरंग सांगवीकर, १९६३ मध्ये कादंबरी आली तेव्हा लेखक पंचविशीचा आणि नायकही पंचविशीचा, इतकं उघड ठेवूनही पांडुरंगला कुठे विंचरून-सवरून बसवलेलं नाही. आणि दया पवारांचं 'बलुतं', त्याबद्दल तर मला थांबून बोलायचंय, कारण ते मी दीक्षाभूमीवर घेतलं होतं. बीएच्या दुसऱ्या वर्षाला होते, दसऱ्याच्या दिवशी मैत्रिणीबरोबर गेले होते. ज्यांनी ती गर्दी बघितली आहे त्यांना माहीत आहे, पांढऱ्या स्तूपापेक्षा तिथे पुस्तकांच्या स्टॉलची रांग जास्त लक्षात राहते. ऑक्टोबरचं ऊन, पायाखाली धूळ, निळे झेंडे, लाउडस्पीकरवर गाणी, आणि लांबलांबच्या गावांहून रात्रभर प्रवास करून आलेले लोक जेवणाआधी पुस्तकं घेत होते. माझ्या शेजारी एक म्हातारी बाई उभी होती, लुगड्याच्या गाठीतून नोटा काढून एकेक करून मोजत होती, मग पुन्हा मोजल्या, मग दुकानदाराने मोजल्या, मग तिने बाबासाहेबांचं एक जाडजूड पुस्तक छातीशी धरलं. मी हे बघितलं होतं, अगदी डोळे भरून बघितलं होतं. वीस-पंचवीस वर्षांनी शालिक लिहिताना ती बाई का नाही आली मदतीला, कळत नाही.

तर 'बलुतं'. १९७८ चं पुस्तक, आत्मकथन, म्हणजे इथे तरी लेखक आणि पात्र एकच असायला हवं. पण त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि ऐकणारा आहे दया पवार. एकाच माणसाचे दोन केले आहेत. मला हे तेव्हा नुसतं वेगळं वाटलं होतं, आता ते फार मोठं वाटतं. स्वतःचं सांगायलाही स्वतःपासून हातभर लांब उभं राहावं लागलं. शिकलेल्या, शहरात स्थिरावलेल्या दया पवारने दगडूचं तोंड बंद करू नये, त्याला सभ्य करू नये, म्हणून दगडूच बोलणार आणि दया ऐकणार. माझ्या त्रिमूर्तीनगरच्या बाईला असं कोणी मिळालं नाही, तिच्या तोंडून मीच बोलत राहिले.

आणि याच पुस्तकांमुळे एक प्रश्न नागपुरात राहून टाळता येत नाही, तो म्हणजे मी शालिकवर लिहावंच का? जी माणसं इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गोष्टींमध्ये गडी, मोलकरीण, मिस्त्री म्हणून येऊन दोन वाक्यं बोलून जायची, त्यांनी स्वतःच लिहायला घेतलं त्यालाही आता साठ वर्षं होत आली. काकांची मुलगी उद्या लिहील, तिचा शालिक पैसे मोजेल आणि ते तिला कोणी सांगावं लागणार नाही. या प्रश्नाचं माझ्याकडे नीट उत्तर नाही. फक्त आपल्यासारख्यांवरच लिहायचं ठरवलं तर मग हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' लिहायला नको होतं, तिशीच्या आतल्या पुरुषाने यमूच्या तोंडून, मी म्हणून, बाईचं सगळं आयुष्य केशवपनापर्यंत सांगितलं, तेही एकोणिसाव्या शतकात. मला ते वाचताना अजूनही विसरायला होतं की लिहिणारा पुरुष आहे. म्हणजे जाता येतं तिथपर्यंत. पण जाताना चपला बाहेर काढाव्या लागत असणार, आणि आपल्या पायात चपला आहेत हेच मला तो रविवार उजाडेपर्यंत माहीत नव्हतं.

भाषेतही हेच झालं होतं, ते मला काकांनी सांगितलं नाही पण मीच नंतर पकडलं. शालिकच्या तोंडी मी एकदम गाढी वऱ्हाडी घातली होती, प्रत्येक वाक्यात मले-तुले. काका तसं बोलतच नाहीत. माझ्याशी बोलताना ते जपून, हाय आणि जी लावून अर्धं शहरी मराठी बोलतात. फोनवर दुकानदाराशी सरळ हिंदी, "अरे भाऊ, कल बोला था ना तू." आणि एकदा मुलीचा फोन आला तेव्हा बाल्कनीच्या कोपऱ्यात जाऊन इतक्या हळू, इतक्या मऊ आवाजात बोलले, "जेवली का वं माय," की मला ते ऐकल्याचीच चोरी वाटली. एकाच माणसाचे तीन आवाज एका तासात. मी त्याला एकच दिला होता, तोही नाटकातला.

नाटकावरून आठवलं, 'वाडा चिरेबंदी' मी देशपांडे सभागृहात बघितलं होतं. ते लिहिणारे एलकुंचवार आपल्याच गावात राहतात म्हणून त्याचं अप्रूप जरा जास्तच. अंगणात न चालणारा ट्रॅक्टर आहे ते सगळ्यांना आठवतं, मला मात्र वहिनी आठवते. घर चालवणारी, करारी, वाटणीच्या हिशेबात डोकं घालणारी, आणि एका रात्री घराण्याचे सगळे दागिने अंगावर घालून उभी राहते. सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. माझ्या शेजारी एक अनोळखी आजी बसल्या होत्या, त्यांनी अंधारात माझ्या मनगटावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. मी घरी येईपर्यंत विचार करत होते की हे कुठून आणलं असेल? पुरुष लेखक, आणि सोन्याचं ते वजन गळ्यावर पडल्याचं बाईला जे होतं ते इतकं अचूक. दागिने घालून तर बघितले नसतील. मग दुसरी कुठली तरी हाव असेल, दुसरं काहीतरी मनापासून हवं असलेलं आणि कधी न मिळालेलं, ते तिथे ठेवलं असेल. हा आपला माझा तर्क.

एप्रिलच्या शेवटाला मी शालिकची कथा पुन्हा उघडली. छापून झालेली कथा कशाला दुरुस्त करतेस म्हणून घरचे विचारत होते. रात्री सगळे झोपले की कूलरच्या आवाजात लॅपटॉप घेऊन बसायचे. आधी सरळ लिहून टाकलं, शालिकने पैसे मोजले. वाचलं तर तो एकदम हिशेबी वाटायला लागला, बाईवर सूड घेतल्यासारखा. मग लिहिलं की तो घाबरत घाबरत मोजतो. ते तर फारच वाईट, बिचारा झाला तो. बोटं बरोबर हलत होती पण आत कोणी नव्हतं. तेव्हा मला कळलं की काकांनी सांगितलं म्हणून मोजायला लावणं हेही वहीतल्या डांबरासारखंच झालं, बाहेरून आणलेलं. मोजताना त्याच्या आत काय होतं तिथे मला स्वतःचं काहीतरी ठेवावं लागणार होतं. आणि मोजण्याचं माझ्याकडे काहीच नव्हतं. मी तर कधी मोजलेच नाहीत.

मग तिसऱ्या की चौथ्या रात्री बाबांची सायकल आठवली.

मी चौथीत असेन. दिवाळीच्या आधी इतवारीत गेलो होतो, कपडे, पणत्या, किराणा, मी समोरच्या दांडीवर बसलेली, हँडलला दोन्हीकडे पिशव्या. दुकानदाराने उरलेले पैसे दिले आणि बाबांनी नेहमीसारखे न बघता खिशात टाकले, वर त्याच्याशी हसून बोलले. बडकस चौकाच्या थोडं अलीकडे त्यांनी सायकल थांबवली. म्हणाले, चेन उतरली वाटतं, तू इथे पिशव्यांजवळ उभी राहा. सायकल भिंतीला टेकवली आणि माझ्याकडे पाठ करून खाली बसले. मी बघत होते. चेन उतरलेली नव्हती, मला दांडीवरून चेन दिसायची, नीट होती. त्यांचे खांदे दिसत होते आणि उजवा कोपर थोडा थोडा हलत होता. मोजून झाल्यावर ते तसेच बसून राहिले, जरा जास्तच वेळ, मग पुन्हा मोजले असावेत कारण कोपर परत हलला. उठले तेव्हा चेहरा वेगळा होता. दुकानाच्या दिशेला एकदा बघितलं. मला वाटलं आपण परत जाणार. पण ते म्हणाले, चला, बसली चेन, आणि हातांना न लागलेलं तेल रुमालाला पुसलं. कमी होते की काय, किती कमी होते, मला कधीच कळलं नाही. परत जाऊन मागणं त्यांना जमलं नसतं, कारण मग मोजले हे कबूल करावं लागलं असतं. त्या दिवाळीत मला फ्रॉक आला, आईला साडी आली नाही. या दोन गोष्टींचा संबंध होता की नाही हेही मी आजपर्यंत कोणाला विचारलं नाही, आता विचारायला बाबा नाहीत.

हे मला चाळीसेक वर्षं माहीत होतं. तरी "आमच्या घरात पैसे मोजत नाहीत" हेच मी स्वतःला सांगत आले, आणि तेच शालिकच्या अंगावर चढवलं, अगदी कौतुकाने. बाबांची बाहेरची अर्धी बाजू त्याला दिली आणि त्या भिंतीजवळची अर्धी लपवून ठेवली. त्या रात्री मी लिहिलं काही नाही. कूलरमधलं पाणी संपत आलं की पंप जो घरघर आवाज करतो तो यायला लागला, उठून टाकीत पाणी सोडलं, आणि अंधारात बराच वेळ तिथेच बसून राहिले. ओल्या वाळ्यावरून येणारी गार हवा चेहऱ्यावर येत होती आणि मला बाबांची फार आठवण आली, त्यांच्या पाठीची.

मग कथा सरकायला लागली. शालिक मोजतो, बाईच्या समोर, बोटाला बोट लावून, आणि मोजताना त्याला जे होतं ते मी त्या पाठमोऱ्या खांद्यांकडून घेतलं. बरी झाली असं वाटतंय. आधीपेक्षा खरी, असं वाटत होतं मला. काकांना वाचून दाखवावी असंही मनात होतं.

मेच्या शेवटी नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला आणि तिसऱ्याच दिवशी पंप जळला. दुपारी बाराला काका आले, डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, डोळे लाल. पाण्याचा तांब्या दिला, अर्धा प्यायले, अर्धा दुपट्ट्यावर ओतला. नवा पंप सोबतच आणला होता, वीस मिनिटांत बसवला. म्हणाले, "ताई, रोख असतील तं द्या, पोरीचा फोन बिघडला." साडेसहाशे झाले होते. मी आतून एक पाचशेची आणि पन्नासच्या कोऱ्या नोटा आणल्या, आणि हात आपोआप घडी घालायला लागला तो थांबवून नोटा तशाच उघड्या दिल्या. आणि तोंड फिरवलं नाही. दारातच उभी राहिले, आयुष्यात पहिल्यांदा.

त्यांनी हात पँटला पुसले. अंगठा ताटीवर टेकवला, ओला केला आणि नोटा मोजल्या. पाचशे, पन्नास, पन्नास, पन्नास. मग परत पहिल्यापासून. मी त्यांच्या चेहऱ्यावर ते शोधत होते जे मी शालिकला दिलं होतं, आणि तिथे तसं काहीच नव्हतं, ताटी सरळ बसली का ते बघताना असतो तोच चेहरा होता. दुसऱ्यांदा मोजताना शेवटच्या नोटेवर त्यांचा अंगठा थांबला. नखाने कड उचकटली. कोऱ्या नोटा होत्या, दोन चिकटून आल्या होत्या. त्यांनी जास्तीची पन्नासची नोट कूलरच्या टपावर ठेवली, उडू नये म्हणून तिच्यावर पक्कड ठेवली, बाकीचे पैसे आतल्या खिशात घातले आणि काही न बोलता खाली वाकून पाण्याचा नळ सोडला. गॅलरीतून गरम वारा येत होता. पक्कडीखालून नोटेचं एक टोक फडफडत होतं, आणि आतून ताट्यांवर पाणी उतरायला लागल्याचा आवाज आला.